अंगण नसलेली मशीद

मध्ययुगीन भारतातील मोठ्या मशिदींची रचना बहुधा ठरलेली असते : दरवाजातून आत गेल्यावर आकाशाखाली पसरलेले ‘सहन’ म्हणजे अंगण, त्याच्या तीन बाजूंना ओवऱ्या आणि पश्चिमेला ‘किब्ला’, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीलगत, नमाजाचे दालन. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशिदीत मात्र अंगणच नाही. इतर मशिदींत जी जागा ऊन, वारा आणि आकाश यांच्यासाठी मोकळी सोडलेली असते, तीही येथे लहान घुमटांच्या रांगांखाली घेतलेली आहे.

१३४७ मध्ये दौलताबादेत दिल्लीच्या सत्तेविरुद्ध उठाव होऊन बहमनी राज्य स्थापन झाले आणि लवकरच त्याची राजधानी गुलबर्ग्यास गेली. तेथे दुसरा सुलतान मुहम्मदशहा याच्या काळात, १३६७ मध्ये, ही मशीद उभी राहिली. शिलालेखात तिच्या निर्मात्याचे नाव रफी असे असून तो इराणातील कझवीन गावचा होता. दिल्लीशी नाते तोडून आपली वेगळी ओळख घडवू पाहणाऱ्या नव्या दरबाराला परदेशी कारागीर आणि अपरिचित आराखडा या दोहोंचे आकर्षण वाटले असावे.

सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद असलेली ही वास्तू पूर्णपणे छताखाली घेतल्यावर आत उजेड कसा आणायचा, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तिच्या बाजूंना सापडते. उत्तर, दक्षिण व पूर्व या तिन्ही बाजूंच्या भिंती बंद न ठेवता त्यांत रुंद कमानी उघडल्या आहेत, आणि त्या कमानी जमिनीपासून थोड्याच उंचीवर वळू लागत असल्यामुळे त्यांची रुंदी उंचीपेक्षा अधिक जाणवते. आत येणारा उजेड म्हणूनच वरून कोसळत नाही. तो आडवा सरकतो, जाडजूड खांबांच्या एका कडेवर स्वच्छ उमटतो, दुसऱ्या कडेवर करडा होतो आणि जसजसे मध्याकडे जावे तसतसा विरळ होत जातो. ‘मेहराब’, म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतील कमानदार कोनाडा, त्याच्यापुढील मोठा घुमट मात्र चौरस चौथऱ्यावर उचलून धरलेला असून त्या चौथऱ्यातील झरोक्यांमुळे तेथे पुन्हा उजळते, त्यामुळे नक्षीचा फारसा आधार न घेताही दृष्टी आपोआप पश्चिमेकडे वळते.

मधल्या भागात सारखेच चौरस खण, सारखेच खांब आणि सारख्याच कमानी पुन्हा पुन्हा येतात; तिरके पाहिले की एका कमानीत दुसरी, दुसरीत तिसरी अशी रांग लागते आणि पाऊल पुढे पडताच ती मोडून नवी जुळते. या पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही, कारण खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या नमाजींच्या सफांनाही, म्हणजे ओळींनाही, हीच समानता अभिप्रेत असते.

दख्खनने हा प्रयोग पुढे फारसा गिरवला नाही. विजापूरच्या आदिलशाही जामा मशिदीत अंगण परत आले, आणि गर्दी, हवा व वजूसाठीचे, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्याचे, पाणी यांचा विचार करता ते सोयीचेही होते. तरीही गुलबर्ग्याच्या मशिदीला फसलेला प्रयोग म्हणता येत नाही, कारण सामूहिक नमाजाला दिशा आणि ओळ यांची गरज असते, अंगणाची नाही, आणि परंपरेने एकत्र बांधलेल्या या गोष्टी वेगळ्या करून दाखवण्याचे धाडस तिने केले.