शून्य भागिले शून्य, आणि कापाकापी

अकरावीला लिमिट्स सुरू झाली की पोरं सगळ्यात आधी कापाकापी शिकतात. (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३), क्ष जातोय ३ कडे. थेट ३ घातले तर शून्य भागिले शून्य. मग वरचे अवयव पाडा, क्ष − ३ वर-खाली उडवा, उरलेल्या क्ष + ३ मध्ये ३ घाला. उत्तर ६, मार्क खिशात!

इथे सानपाड्यात आमच्या शेजारचा एक मुलगा अडलेली गणितं घेऊन येतो. त्याने विचारलं, "दादा, क्ष − ३ शून्य असेल तर कापता येत नाही, आणि नसेल तर शेवटी ३ का घालतो?" क्लासमध्ये म्हणे उत्तर मिळालं की हे सीईटीला येत नाही. नसेल येत. पण मला विचाराल तर त्या धड्यातला खरा प्रश्न हाच.

आणि तसा जुनाच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) एक गणित आहे. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच अर्ध मिळवा, तिनाने गुणा, शून्याने भागा, ६३ येतात. तर संख्या कोणती? त्यांचं म्हणणं, पुढे आणखी क्रिया असतील तर शून्याचा गुणाकार लगेच उरकायचा नाही, राखून ठेवायचा. खाली शून्य आलं की दोन्ही गेली. उरली संख्येची साडेचारपट, म्हणून उत्तर १४. ग्रहगणितात याचा फार उपयोग, असंही ते सांगून ठेवतात. (त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला १२०७ साली मठ काढला. म्हणजे क्लासच की!)

लगेच 'लिमिट आपणच शोधलं' म्हणून मी नाचणार नाही. त्या नियमात शून्याने शून्य सरळ कापलं जातं. आपल्या गणितात तसं केलं तर फसू. क्ष = ३.०१ घेऊन बघा: वर ०.०६०१, खाली ०.०१, भागाकार ६.०१. ३.००१ घेतलं तर ६.००१. खाली शून्य कुठेच आलं नाही, म्हणून कापणं चालतं. ३ घालतो ते कापून झाल्यावर, क्ष + ३ मध्ये, आणि तिथे ३ च्या अगदी जवळ जाणं आणि ३ वर असणं यात भानगडच नाही. हे नेमकं मांडायला कोशी (१८२१) आणि मग वायरश्ट्रास यावे लागले.

आता साइन क्ष भागिले क्ष घ्या, कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून. पुस्तकात उत्तर १ आहे, तुमच्याकडे ०.०१७४५ येईल. रेडियन कशाला हवेत ते तिथे कळतं.