मालिकेतला शेतकरी हिशोब कधी करतो?

आज खताचा डोस नाही, फवारणीचं वेळापत्रक नाही. आज टीव्हीवर लिहितोय. पावसानं वाफसा येईना, रानात पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळं घरातल्यांबरोबर रोज दोन-तीन मालिका बघणं होतंय.

मालिकावाले शेतकऱ्याची बदनामी करतात, ही तक्रार आपल्यात नेहमीची. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ते कौतुक भरपूर करतात, पण भलत्याच गोष्टीचं.

'तुझ्यात जीव रंगला' आठवत असेल. २०१६ ला झी मराठीवर सुरू झाली, गोष्ट कोल्हापूरकडची. राणादा म्हणजे तालमीतला गडी, मातीवर जीव, मन लेकरासारखं. अंजलीबाई शिकलेल्या शिक्षिका. वहिनीसाहेब कारस्थानी. पुढच्याच वर्षी 'लागिरं झालं जी' आली, साताऱ्याकडच्या फौजीची. आपल्यासारखं बोलणारा माणूस नायक झाला, म्हणून लोकांनी दोन्ही मालिका डोक्यावर घेतल्या. त्यात वाईट काही नाही. पण अशा मालिकांतून एक साचा घट्ट होत गेला. गावचा माणूस म्हणजे काळीज मोठं आणि डोकं साधं. शहाणपण बाहेरून येणार, शिकलेल्या माणसाबरोबर.

आता आपलं खरं काम बघा. लागण कधी करायची, कुठली जात घ्यायची, खोडवा ठेवायचा की मोडायचा, द्राक्षाची छाटणी चार दिवस पुढं ढकलायची का, कांदा आज विकायचा की चाळीत ठेवायचा. यातला एक निर्णय चुकला तर वर्ष जातं. हवामान, बाजार, मजूर, वीज, कर्जाचा हप्ता हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवून माणूस निर्णय घेतो. हे डोकं मालिकेत दिसतच नाही. तिथला शेतकरी खांद्यावर खोरं टाकून येतो, काळ्या आईला नमस्कार करतो आणि जेवायला बसतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, मालिकेत तो फक्त लपायला आणि पळापळीला. अहो, ऊस तयार आहे, तोड येईना, तुरा यायला लागलाय, वजन घटतंय आणि मुकादम फोन उचलत नाही, यापेक्षा मोठा सस्पेन्स कुठला पाहिजे?

दुसरी गोष्ट वाड्याची. मालिकेत शेतकरी म्हटलं की चौसोपी वाडा, दारात जीप, पाटील नाहीतर देशमुख आडनाव. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. देशात १०० पैकी ८६ खातेदार दोन हेक्टरच्या आतले. हा सव्वातीन एकरवाला माणूस पडद्यावर येतो तो एकतर वाड्यावर हात जोडून उभा, नाहीतर झाडाला दोर बांधताना. दोन्हीच्या मधलं त्याचं जगणं कुणी दाखवत नाही.

मजुराचं तर विचारूच नका. ऊसतोडीला आलेली टोळी, पालावरची पोरं, ज्यांच्या नावावर गुंठाही नाही अशी घरं, ही सगळी 'गडीमाणसं' म्हणून मागं उभी असतात. त्यांना नाव नसतं, संवाद एकच, "जी मालक." आणि बाई? पहाटे धार काढण्यापासून खुरपणीपर्यंत आपल्या शेतातलं निम्म्याच्या वर काम बायका करतात. त्याच गणनेत देशातल्या १०० खातेदारांमागं बायका साधारण १४. मालिकेत ती सदान् कदा काठपदरात, स्वयंपाकघरात, विषप्रयोगाच्या तयारीत. सातबाऱ्यावर नाव लावायचं भांडण खऱ्या घरात होतं, पण पडद्यावर ते दागिन्यांच्या चाव्यांवरून होतं.

आता कुणी म्हणेल, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. घ्यावं लागतं, कारण ते आपल्या दारात येतं. आमच्या भावकीतला एक पोरगा, बी.एस्सी. ॲग्री झालेला, पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची करतो. गेल्या उन्हाळ्यात पाहुणे आले. मुलीच्या आईनं पहिलाच प्रश्न विचारला, "शेतीशिवाय काय करता?" दुसरा, "घरात माणसं किती? आमच्या पोरीला एवढ्यांचं रांधणं जमायचं नाही." घरात माणसं चार आणि स्वयंपाक गॅसवर. माउलीच्या डोळ्यासमोर मालिकेतला वाडा होता, हे उघड होतं. पोरगं काही बोललं नाही. त्यानं मोबाईलमध्ये तीन वर्षांचा जमाखर्च उघडून मुलीच्या हातात दिला. तिनं दोनच प्रश्न विचारले, तोट्याचं वर्ष कुठलं आणि ते कशानं गेलं. निरोप अजून आलेला नाही. पण त्या दिवशी बैठकीत शेतीबद्दल कामाचं विचारणारी ती एकटीच होती.

याच काळजीचं नाव घेऊन २०२२ ला कलर्स मराठीवर 'शेतकरीच नवरा हवा' आली. प्रश्न खरा आहे हे निदान कुणीतरी ओळखलं. आणि साचा मोडता येतो हेही दिसलंय. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका घ्या. वऱ्हाडी बोलणारी, गावंढळ म्हणून हिणवलेली बाई. तीच पुढं मसाल्याचा धंदा उभा करते. ज्या बोलीला सुरुवातीला हसू आलं, ती बोलणारी बाई व्यवहारात सगळ्यांना भारी पडते. साच्याशी खेळणं म्हणतात ते हे.

मला वाटतं आपल्या टीव्हीनं शेतकऱ्याची वाटणी केली. दिल्ली दूरदर्शनवर २६ जानेवारी १९६७ ला 'कृषी दर्शन' सुरू झालं, आपल्याकडं 'आमची माती, आमची माणसं' आलं. तिथं शेतकऱ्याला डोकं होतं. तो प्रश्न विचारायचा, प्रयोग सांगायचा. मालिकेत गेला की त्याला नुसतं काळीज उरलं. दोन्ही एकत्र जमतं, हे इंग्लंडमध्ये रेडिओनं दाखवलंय. बीबीसीची 'द आर्चर्स' ही शेतकरी कुटुंबाची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाते, आजही चालू आहे. युद्धानंतर धान्याची टंचाई होती, शेतकऱ्यापर्यंत नवी माहिती पोचवायची म्हणून ती सरकारी कृषी खात्याशी बोलून रचली होती. भांडणं, लग्नं, दुखणी सगळं त्यात होतं, आणि शेतीही होती.

आपल्या लेखकांनी एवढं केलं तरी पुरे: गोष्ट लिहिताना गावातल्या कृषी सहाय्यकाला आणि एखाद्या शेतकरी बाईला शेजारी बसवावं. नायकाला रडू द्या, प्रेम करू द्या, कुस्तीही मारू द्या. फक्त महिन्यातून एका भागात त्याला वही घेऊन हिशोबाला बसवा, आणि त्या वहीत बायकोचं अक्षर दिसू द्या.

कृषी खात्यातली, विद्यापीठातली बरीच मंडळी हे पान वाचतात. तुमच्या भागातला शेतकरी, मजूर, शेतकरी बाई पडद्यावर कशी दिसते आणि खरी कशी आहे, ते सांगा. वाफसा आला की पुढची नोंद हुमणीवर.