हरून आलेल्या मुलाचे स्वागत

मुलांनी मैदानावर जावे, सामन्यांत भाग घ्यावा, याविषयी सुशिक्षित कुटुंबांत आता दुमत राहिलेले नाही. ढाल जिंकून आलेल्या मुलाचे स्वागत कसे करावे, हेही कोणास शिकवावे लागत नाही. प्रश्न आहे तो हरून आलेल्या मुलाचा. अध्यापनाच्या दीर्घ काळात अशी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. आणि आमचे मत असे झाले आहे की, मुलाचा आत्मविश्वास मैदानावर खचतो त्याहून अधिक घराच्या उंबरठ्यावर खचतो.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबातील बारा वर्षांचा मुलगा शालेय खो-खोच्या सामन्यात संरक्षणास उतरला आणि पहिल्याच मिनिटात, खांबाजवळ हूल फसून, बाद झाला. घरी येताच आजोबांनी विचारले, "किती वेळ टिकलास?" काकांनी हूल कोठे चुकली ते समजावून दिले. वडिलांनी बुडालेल्या अभ्यासाचा हिशेब मांडला. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. परंतु एकत्र कुटुंबात एकच प्रश्न पाच मुखांनी विचारला जातो, याचे भान राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून सरावाची वेळ झाली की मुलाचे पोट दुखू लागले. डॉक्टरांस पोटात काही सापडले नाही.

औषध केले ते आजीने. तिने खेळाविषयी चकार शब्द काढला नाही. खरचटलेल्या गुडघ्यास हळद लावली आणि गरम भात वाढला. चार दिवसांनी तोच तिला म्हणाला, "आजी, सगळे बघायला लागले ना, की माझे पायच जड होतात गं." पुढल्या आठवड्यात तो आपण होऊन सरावास गेला.

'आश्वासन' हा शब्द श्वस्, म्हणजे श्वास घेणे, या धातूपासून झाला आहे. दमलेल्यास श्वास घेऊ देणे, हाच खरा धीर. मराठीत आपण त्याचा अर्थ 'वचन' असा करून टाकला. हरलेल्या मुलास मात्र मूळ अर्थाचेच आश्वासन हवे असते. 'पुढच्या वेळी नक्की जिंकशील' हे वचनसुद्धा त्यास ओझे वाटते.

कोणी म्हणतील, अशाने मुले मऊ पडतील. त्यांनी खाशाबा जाधवांचे स्मरण करावे. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पदक मागाहून आले, विश्वास आधी ठेवला गेला, हे ध्यानात घ्यावे.

चुका दाखवूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ते काम प्रशिक्षकाचे, आणि तेही दुसऱ्या दिवशी, मैदानावर. घराने त्या संध्याकाळी जेवू घालावे, आणि मूल बोलू लागले तर मध्ये न बोलता ऐकावे. पुष्कळ दिवस त्याची झोप, भूक वा हसणे हरवले, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात संकोच नसावा.

फलावर दृष्टी न ठेवता कर्म करावे, हा गीतेचा उपदेश आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मग 'निकाल काय लागला?' हा आपला प्रश्न, निदान त्याचे हातपाय धुऊन होईपर्यंत तरी, थांबावयास नको काय?