पुस्तक आणि वाटाड्या

मोठ्या शहरांत प्रथमच जाणाऱ्या मनुष्याच्या हातीं त्या शहराची माहिती देणारें एक चांगलें पुस्तक ठेवलें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी पुष्कळ दिवस आमची समजूत होती. ती समजूत कशी दुरुस्त झाली, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यांत आमची चूक उघड होणार आहे. परंतु मुलांच्या चुका रोज तांबड्या शाईनें दाखविणाऱ्यानें आपली एखादी चूक लपवून ठेवावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आमच्या वसतिगृहांत आंबेगांव तालुक्यांतील आहुपे गांवचा एक मुलगा होता. आहुपे हें सह्याद्रीच्या अगदीं धारेवर वसलेलें गांव. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. भात, नाचणी व रानांतला हिरडा यांवर त्यांचा संसार चालतो. गांवाजवळ भैरवनाथाची दाट देवराई आहे. पश्चिमेस जमीन एकाएकीं तुटते, आणि गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके मान वर करून नव्हे, तर खालीं वांकून पाहावे लागतात. त्यांच्यापलीकडे मुरबाडचें कोंकण पसरलेलें असतें. अशा कड्यावर निर्धास्तपणें गुरें राखलेला हा मुलगा २०१४ सालीं दहावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाला, व मुंबईच्या एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेंत त्यास प्रवेश मिळाला.

आम्ही त्यास मुंबईचें एक मार्गदर्शक पुस्तक विकत घेऊन दिलें. त्यांत नकाशा होता, स्थानकांची यादी होती, प्रेक्षणीय स्थळांचीं चित्रें होतीं. कोऱ्या पानावर आम्हीं स्वतःच्या अक्षरांत लिहिलें : “दादर, फलाट क्रमांक १. सायंकाळीं सात वाजतां आमचे स्नेही घ्यावयास येतील.” इतकें लिहून आम्ही निश्चिंत झालों.

आम्हांस जें ठाऊक असावयास हवें होतें व नव्हतें, तें असें. दादर येथें मध्य व पश्चिम या दोन्ही लोहमार्गांचीं स्थानकें एकमेकांस लागून आहेत, आणि त्या काळीं दोन्हींकडे एक क्रमांकाचा फलाट होता. पुढें डिसेंबर २०२३ मध्यें मध्य मार्गाकडील फलाटांस आठपासून पुढचे क्रमांक मिळाले व हा घोटाळा मिटला. परंतु आमचा विद्यार्थी गेला तो त्याच्या नऊ वर्षें आधीं. पुण्याहून जाणारी त्याची गाडी मध्य मार्गावर थांबली. आमचे स्नेही उपनगरांतून पश्चिम मार्गानें आले. दोघेही एक क्रमांकावर उभे. दोघेही वाट पाहत. मुलाजवळ भ्रमणध्वनि होता. पण प्रवासांत त्यांतील वीज संपली, आणि क्रमांक त्यांतच साठविलेले असल्यामुळें यंत्राबरोबर तेही निजले. सातांचे दहा वाजले. त्यानें दोघातिघांस विचारलें. परंतु धांवत्या माणसांस त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्यावयास सवड नव्हती. शेवटीं एका हमालाच्या कानीं त्याची बोली पडली. “तू आमच्या मंचराकडचा का रं?” असें म्हणून त्या भल्या मनुष्यानें त्याची वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेतली व पूल ओलांडून त्यास दुसऱ्या ‘एक क्रमांका’वर पोंचविलें. आमचे स्नेही अद्याप तेथेंच होते.

परंतु त्या तीन तासांनीं मुलाच्या मनांत जी भीति बसली ती निघाली नाहीं. आठव्या दिवशीं तो परत आला. त्याची जागा गेली, व एक वर्ष फुकट गेलें. तो आम्हांस कांहीं बोलला नाहीं. फक्त पुस्तक आमच्या मेजावर आणून ठेवलें. त्याचा कोपराही दुमडलेला नव्हता.

त्या दिवसांत, मनाची टोंचणी कमी व्हावी म्हणून म्हणा, अशा प्रकारचीं जुनीं पुस्तकें आम्ही चाळूं लागलों. तेव्हां गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हातीं आलें. १८६३ सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठींतील अशा पुस्तकांचा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं. २००८ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतरही निघालें. माडगांवकरांचा जन्म गोव्यांतला, १८१५ सालचा. लहानपणींच ते मुंबईस आले, व पुढें स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिक्षक झाले. आमच्याच व्यवसायाचा हा मनुष्य! शहर त्या वेळीं रोज पालटत होतें. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं आलें होतें; पुस्तक निघालें त्याच वर्षीं आगगाडी बोरघाट चढली; किल्ल्याचा जुना तट पाडण्याचें काम त्याच सुमारास चाललें होतें. म्हणजे पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोंच त्यांतील मुंबई जुनी होऊं लागली. तरीही तें वाचवतें. कारण त्यांत केवळ इमारती नाहींत, माणसें आहेत, बाजार आहेत, जत्रा आहेत, नाना जातींचे व नाना धंद्यांचे लोक आहेत. जो स्वतः एकदां परक्या गांवाहून आला, त्यासच नवख्याला काय काय नवें वाटेल हें कळतें. आम्हीं लिहिलेल्या त्या एका ओळींत हीच गोष्ट नव्हती.

पुढें त्याच हिवाळ्यांत शाळेची सहल आहुप्यास नेली. आहुपे घाटानें खालीं खोपिवलीस उतरावयाचें होतें. आमच्याजवळ नकाशा होता. पण त्या मुलाचे वडील आपण होऊन वाटाड्या म्हणून आले. त्यांची रीत आम्ही लक्षपूर्वक पाहिली. जेथें वाट फुटे तेथें चुकीच्या वाटेवर ते एक डहाळी आडवी टाकीत. पाण्याच्या आवाजाकडे जाऊं नका, तें कड्यावर नेऊन सोडील, असें त्यांनीं मुलांस बजावलें. आणि दर वळणावर थांबून ते पुढें नव्हे, मागें पाहत. सर्वांत मागचें पोर दिसलें कीं मगच पुढचें पाऊल.

अर्ध्या घाटांत विसाव्यास बसलों असतां आम्हीं त्यांची क्षमा मागितली. ते थोडा वेळ सुळक्याकडे पाहत राहिले व म्हणाले, “गुरुजी, तुमी लिवलं त्यात काय खोटं नव्हतं. पर त्याच्या मागं बघाया कोन नव्हतं.”

पवित्र शास्त्रांतील त्या हबशी अधिकाऱ्याची गोष्ट आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविली आहे. रथांत बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता. ग्रंथ खरा होता, वाचणारा शहाणा होता. तरी अर्थ कळेना. तेव्हां फिलिप्प नुसता लांबून सांगून मोकळा झाला नाहीं. रथांत त्याच्या शेजारीं जाऊन बसला. ही गोष्ट आम्हांस प्रथम समजली ती आहुप्याच्या घाटांत.

त्यानंतर आमच्या शाळेंत एक वही सुरू झाली. शहरांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनीं तींत आपापला अनुभव लिहावा, असा नियम केला. कोणी लिहिलें कीं, जलद गाडी सर्व स्थानकांवर थांबत नाहीं, म्हणून चढण्यापूर्वीं पाटी वाचावी. कोणी लिहिलें कीं, एल्फिन्स्टन रोडचें नांव २०१८ सालीं प्रभादेवी झालें. पण जुनीं माणसें अद्याप जुनेंच नांव सांगतात, तेव्हां दोन्ही ठाऊक असावींत. कोणी लिहिलें कीं, सर्व पैसे एका खिशांत ठेवूं नयेत, आणि महत्त्वाचा क्रमांक यंत्रांत असला तरी कागदावरही असावा. प्रत्येक पानाखालीं लिहिणाऱ्याचें नांव व भेटण्याचें ठिकाण असतें. दर वर्षीं जून महिन्यांत जुनीं पानें तपासून चुका दुरुस्त करतात.

ज्या पालकांचे आप्तेष्ट मुंबईस वा पुण्यास आहेत, त्यांना आमची विनंति आहे कीं, त्यांनींही या वहीस एखादें पान द्यावें, आणि पानाबरोबर वर्षांतून एक सायंकाळ द्यावी.

आहुप्याचा तो मुलगा दुसऱ्या वर्षीं पुन्हां मुंबईस गेला. या वेळीं वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी आठ दिवस त्याच्याबरोबर राहिला. आज तो तेथेंच नोकरीस आहे. वहीचें पहिलें पान त्याचें आहे, व त्यावर इतकेंच लिहिलें आहे : “दादरला ज्या फलाटावर उतराल तेथेंच थांबा. मला शोधूं नका. मी तुम्हांला शोधत येईन.”