एमएच-३४ ची इटालियन

सुरुवातीलाच माफी मागून घेते. मी नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठीत पास होण्यापुरते मार्क पडायचे आणि ऱ्हस्व-दीर्घ अजूनही देवाच्या भरवशावर असतं. पण मराठी विभागाची संपादिका माझीच रूममेट निघाली. "कशावरही लिही, फक्त कविता नको. कविता एकवीस झाल्यात," म्हणाली. म्हणून मी आमच्या गाडीवर लिहितेय.

आमच्या घरी फियाट पॅलिओ आहे. १.२ पेट्रोल, नोव्हेंबर २००५ ची, रंग एकेकाळी लाल. बाबांनी ती चंद्रपूरच्या एका रिटायर होणाऱ्या साहेबांकडून सेकंडहँड घेतली, म्हणून आम्ही गडचिरोलीचे असूनही नंबर एमएच-३४. आमच्याकडे पैसे आले की माणूस बोलेरो घेतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांनी ही घेतली. गल्लीत तिचं नाव 'गुरुजींची इटालियन'. शाळेत असताना मी बाबांना गेटच्या आधीच्या वळणावर उतरवायला सांगायची. मैत्रिणींच्या घरी नव्या गाड्या होत्या ना! बाबा काही न बोलता वळणावर थांबायचे. त्यांना कारण कळत होतं, हे मला आता कळतं.

तर २०२५ ची दिवाळी. बाबा मला हॉस्टेलवर घ्यायला आले. चंद्रपूरहून निघालो, चिचपल्ली मागे पडली, केळझर यायचं होतं. दोन्हीकडे जंगल, सूर्य बुडायला आलेला. आणि गाडी एकदम बंद! आवाज नाही, धूर नाही. बाबांनी चावी फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा भरभर आणि हलका फिरला. बाबा खूश झाले, म्हणाले, "बॅटरी तर चांगली आहे." माझ्या पोटात मात्र गोळा आला. इंजिन इतकं हलकं फिरतंय म्हणजे आत हवा दाबलीच जात नाही. व्हॉल्व्ह जागच्या जागी उभे आहेत.

"बाबा, टायमिंग बेल्ट तुटला."

मी मेकॅनिकल थर्ड इयरला आहे. कॅप राउंडमध्ये मेकॅनिकल भरलं तेव्हा नातेवाइकांनी सुतक असल्यासारखे चेहरे केले होते. "काहून गं, कॉम्प्युटर नाही भेटलं का?" भेटत होतं! तरी घेतलं नाही, हे कोणालाच पटत नाही, बाबांनासुद्धा पूर्ण पटलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाबांनी मला विचारलं, "मग आता काय करायचं?"

बेल्ट बदलायचा राहून गेला होता, चूक आमचीच. दोन वर्षं 'पुढच्या पगारात' चाललं होतं. मला भीती वेगळीच होती. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की वर-खाली धावणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. तसं झालं असेल तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. मागून एसटी आली. ड्रायव्हरकाका म्हणाले, "इथं थांबू नका जी, वाघाचा रस्ता आहे." बाबांनी मला एसटीत बसवलं आणि स्वतः काचा वर करून गाडीतच बसून राहिले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढत मूलला आणून सोडली.

मूलचे मिस्त्री साठीच्या पुढचे. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये कामाला होते. बोनेट उघडायच्या आधीच त्यांनी पुढच्या लोगोवर हात फिरवला. म्हणाले, "फियाट आता कोण आणते जी माझ्याकडं!" आणि मग जे बोलायला लागले! बाकीचं मी हॉस्टेलवर येऊन वाचलं, पण सुरुवात त्या स्टुलावर झाली.

आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. १९७४ मध्ये तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मिस्त्री म्हणतात की हे इंजिन ते डोळे मिटून खोलत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ला नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

गंमत अशी की आपल्याकडे टॅक्सी म्हणून म्हातारी झालेली ही कंपनी तिच्या घरी शर्यतवाली होती. तुरीनच्या लिंगोट्टो कारखान्यात १९२३ पासून गच्चीवर ट्रॅक होता, गाडी बनत बनत वर जायची आणि छतावरच तिची टेस्ट व्हायची. फियाटने १९७७, १९७८ आणि १९८० ला वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप जिंकली. लान्चिया ही तिच्याच घरातली दुसरी कंपनी, १९६९ मध्ये विकत घेतलेली. तिने तर १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. (ज्यांना फक्त फेरारी माहीत आहे त्यांच्यासाठी: फेरारीचा अर्धा हिस्सासुद्धा फियाटने १९६९ मध्येच घेतला होता.)

या शर्यतवाल्या फियाटची थोडीशी झलक आपल्याकडे २००१ मध्ये पॅलिओबरोबर आली. जाहिरातीत सचिन! २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली तेव्हा शूमाकरच्या हातून त्याला फेरारी मिळाली. बाबांनी पॅलिओ का घेतली याचं खरं कारण हेच आहे, मायलेज वगैरे ते आईला सांगतात. १.६ ची पॅलिओ खरी पळणारी होती, पण पेट्रोल प्यायची आणि 'कितना देती है' विचारणाऱ्या देशात तिचं जे व्हायचं ते झालं. आमची साधी १.२. पण मूल रोडच्या वळणावर ती जशी जमिनीला धरून जाते तशी मामाची नवीन गाडी जात नाही. हे मी मामासमोरही बोललेय.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, इंडिका व्हिस्टामध्येही तेच! लोक फियाटच्या इंजिनावर लाखोंनी गाड्या घेत होते, फक्त फियाट घेत नव्हते. टाटांशी भागीदारी करून फियाट पुण्याजवळ रांजणगावला कारखाना चालवत होती, २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो तिथूनच आल्या. २०१५ मध्ये १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटोसुद्धा काढली, दहा लाखांच्या आत. गिऱ्हाईक आलं नाही. एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स लागू झालं, त्याआधीच फियाटच्या गाड्या भारतातून संपल्या होत्या आणि १.३ इंजिनही त्याच वेळी गेलं. कारखाना मात्र चालू आहे आणि त्याच्या कंपनीच्या नावात अजून फियाट आहे. तिथून जीप बाहेर पडतात, नेक्सॉन बाहेर पडते. फियाट बाहेर पडत नाही.

मग परत येईल का? लान्चियाचं बघा. २०१७ नंतर तिची एकच गाडी उरली होती, इप्सिलॉन, आणि तीही फक्त इटलीत विकली जायची. २०२४ मध्ये नवी इप्सिलॉन आली, इटलीबाहेरही गेली आणि रॅलीची गाडीसुद्धा काढली. इकडे फियाटची नवी ग्रँडे पांडा ज्या घराण्याच्या प्लॅटफॉर्मवर आहे, त्याच घराण्याची सित्रोएन सी-थ्री तामिळनाडूत तिरुवल्लूरला बनते. म्हणजे तांत्रिक अडचण फारशी नाही. पण माझं मत विचाराल तर लोगो परत आणणं सोपं आहे. वडसा-चामोर्शीत ती उघडणारा माणूस आणि तिचा पार्ट ठेवणारं दुकान आधी पाहिजे. मिस्त्रींचा मुलगा गॅरेजमध्ये नाही, तो सुरजागडच्या खाणीवर डंपर चालवतो.

असो. नागपूरहून बेल्ट आणि वॉटर पंप दुसऱ्या दिवशी पार्सलने आले. मिस्त्रींनी मला खुणा जुळवायला लावल्या, क्रँकची एक, कॅमची एक. माझे हात थरथरत होते. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू! एकही व्हॉल्व्ह वाकला नव्हता. "ह्या इंजिनात बनवणाऱ्यानं जागा ठेवली आहे जी," मिस्त्री म्हणाले. "पट्टा तुटला तरी भिडत नाही." तुरीनमधल्या कोणा इंजिनिअरने कधीतरी कागदावर ठेवलेली ती काही मिलिमीटरची जागा माझ्या बाबांच्या पगाराला वाचवून गेली. हे आम्हाला कुठल्याच युनिटमध्ये शिकवलं नाही (सर, रागावू नका).

नोव्हेंबरमध्ये आरसी संपत होती. वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय. भंगारवाला घरी येऊन टायर बघून गेला. आई म्हणाली, देऊन टाका. बाबा दोन दिवस गप्प होते, मग मला फोन केला.

"तू सांग. इंजिन किती वर्षं चालेल?"

मी पाच म्हटलं. खरं तर मला ठाऊक नव्हतं. बाबांनी फॉर्म २५ भरला.

आता मी हॉस्टेलवर आहे. आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांनी नवी डिझेल हॅरियर घेतलीय. तिचं दोन लिटरचं इंजिनसुद्धा मूळचं फियाटचं, रांजणगावला बनलेलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "काहीतरी काय सांगते!" मी बोनेट उघडायची परवानगी मागितलीय. सर अजून विचार करताहेत.