खुलताबादच्या रस्त्यावरचा सलाम

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, खुलताबादला जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांनी उर्साच्या निमित्ताने एसटीतून किंवा जीपमधून पाहिला असेल. आम्ही चार शिक्षक तो सायकलवरून पाहतो. रविवारी फजरची नमाज झाली की छावणीजवळ जमायचे, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा असे करत शहर मागे टाकायचे आणि ऊन तापायच्या आत जमेल तेवढे पुढे जायचे. दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, खुलताबाद २५, वेरूळ ३०. देवगिरीचा किल्ला, सीताफळांच्या पाट्या, लेण्या यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. खिडकीतून जे कळत नाही ते मात्र वेगळे आहे. या रस्त्यावर कोण कोणाला सलाम करतो आणि कोणाला करत नाही, हे सायकलवर बसल्याशिवाय समजत नाही.

पहाटे या रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलस्वार असतात. एक हौशी. डोक्यावर हेल्मेट, अंगात रंगीत घट्ट जर्सी, खाली हलकी गिअरची सायकल. दुसरे पोटासाठी निघालेले. मागे दुधाच्या किटल्या बांधलेला गवळी, भंगाराचे पोते लादलेला म्हातारा, पडेगावकडून कामावर निघालेले मजूर, दांडीला डबा अडकवलेला रखवालदार. हौशी स्वार समोरून आला की आमची हेल्मेटे पाहून हात वर करतो, कधी अंगठा दाखवतो, कधी नुसती मान हलवतो. ओळख नसते, तरी बरे वाटते. पण त्याच माणसाच्या पुढे दहा पावलांवर गवळी असतो आणि तिथे त्याचा हात वर जात नाही. हेल्मेट हेल्मेटला सलाम करते, असे आमच्यातले गणिताचे सर म्हणतात.

खरे तर याबाबत आपल्याकडे संभ्रम राहायला नको. स्वाराने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी जास्त लोकांना, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. आपली मुले ती मकतबमध्ये पाठ करतात. पण घोडा आणि उंट गेले, तशी ही हदीस आपण जणू त्यांच्याबरोबरच पाठवून दिली. उलेमांनी तिचे कारणही सांगितले आहे. जो उंचावर बसला आहे त्याच्या मनात मोठेपणा शिरू नये, म्हणून सुरुवात त्याने करायची. हे कारण सायकलच्या खोगिरालाही लागू आहे, मोटारीच्या काचेला तर त्याहून जास्त. समोरून येणारे दोघेही सायकलवर असतील तर? आमच्या चौघांत ठरलेले असे आहे की ज्याची सायकल महाग, ज्याचा वेग जास्त, त्याने आधी. म्हणजे बहुतेक वेळा आम्हीच.

म्हणायचे काय, हा पुढचा प्रश्न. टोपी किंवा दाढी दिसली तर अस्सलामु अलैकुम. इतरांना राम राम किंवा नमस्कार. मराठवाड्यात जय भीमला तितक्याच मोकळेपणाने जय भीम आणि हातात टाळ घेतलेल्या माळकऱ्याला रामकृष्ण हरी असा जबाब ऐकू येतो. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि तिथे आदाब हा हिंदू-मुसलमान दोघांचाही शब्द होता. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यांत सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, अजून हात कपाळाकडे नेऊन आदाब करताना दिसतात. तरुणांच्या तोंडून मात्र तो जवळजवळ गेला. आम्ही वर्गात उर्दू शिकवतो तेव्हा आदाब हे अदबचे अनेकवचन म्हणून सांगतो. मुले वहीत उतरवून घेतात, पण करत कोणी नाही. घाईत शब्द सुचला नाही तर हँडलवरची चार बोटे उचलली तरी पुरते. समोरच्याला अर्थ बरोबर कळतो.

आमच्या चौघांत एक मॅडम आहेत. त्या नेहमी पतीबरोबर येतात, स्कार्फवर हेल्मेट घालतात. स्त्रीने रस्त्यावर अनोळखी पुरुषाला सलाम करावा का, पुरुषाने तिला करावा का, यावर आमच्यात चहाच्या टपरीवर बरीच चर्चा झाली. त्यांचे म्हणणे सरळ होते. नजर पुढे ठेवून मान किंचित झुकवली तर त्यात कोणाचा पडदा मोडत नाही. त्रास होतो तो वेग कमी करून बघत राहणाऱ्यांचा आणि मागे येऊन घंटी वाजवणाऱ्यांचा, आणि ते कधीच सलाम करत नाहीत. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांवर नजर खाली ठेवण्याची आणि सलामाचा जबाब देण्याची जबाबदारी एकाच हदीसमध्ये आली आहे, याची आठवणही त्यांनीच आम्हाला करून दिली. चर्चा तिथे संपली. रविवारी ज्यादा तासाला निघालेल्या मुली दोन-दोनच्या जोडीने सायकलवर भेटतात, तेव्हा बोलायचे काम आम्ही मॅडमकडे सोपवतो. त्या फक्त “बाळांनो, सांभाळून” म्हणतात. मुली हसतात आणि चटकन एकामागे एक होतात.

घंटीचेही बोलणे असते. मागून जाताना दुरूनच एकदा वाजवली तर ती सूचना. पाठीशी येऊन सारखी वाजवली तर ती शिवी. म्हाताऱ्या माणसामागून जाताना आम्ही घंटीपेक्षा आवाज देतो, “चाचा, उजवीकडून येतो”, “काका, येऊ का?” ते दचकत नाहीत आणि जाताजाता विचारपूसही होते.

दौलताबाद सोडले की घाट लागतो. चढावर दम लागलेला असतो. तिथे कोणाकडून शब्दांची अपेक्षा करू नये, डोळ्यांनी ओळख दिली तरी खूप. उतारावर हात वर करणे तर धोक्याचेच, दोन्ही हात ब्रेकवर हवेत. समोरून भरधाव उतरणाऱ्याने आपल्याकडे पाहिले नाही म्हणून त्याला गर्विष्ठ ठरवू नये. जुन्या दरवाजाच्या कमानीतून रस्ता जातो तिथे तर एका वेळी एकच मोठे वाहन मावते. दोन्हीकडे गाड्या थांबतात, हॉर्न सुरू होतात. अशा वेळी बाजूला थांबून समोरच्याला “आधी तुम्ही” असा हात करणे हाही सलामच. एखादा ट्रकचालक त्यावर कपाळाला हात लावून जातो, तेव्हा चढाचा शीण उतरतो.

मात्र हात हलवून पुढे जाणे पुरेसे नसते, असेही प्रसंग येतात. कोणी सायकल आडवी करून बसला असेल तर थांबून विचारलेच पाहिजे. मागच्या हिवाळ्यात शरणापूर फाट्याच्या पुढे एक गवळी असाच उभा होता. दोन किटल्या भरलेल्या, मागचे चाक बसलेले. आमच्या आधी हौशी स्वारांचा एक मोठा गट त्याच्या समोरून गेला. त्यांच्या प्रत्येकाच्या सायकलला छोटा पंप लटकत होता. बहुधा त्यांना वाटले असेल की आपला पंप त्याच्या काय कामाचा? आणि गवळ्यालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने कोणाला हाक मारली नाही. वाचकांनी ही बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. महागड्या सायकलच्या ट्यूबला बारीक, लांबट व्हॉल्व्ह असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. आपल्या साध्या काळ्या सायकलला जुना डनलॉप किंवा वुड्स व्हॉल्व्ह असतो. दिसायला दोन्ही निराळे, पण प्रेस्टाचा पंप जुन्या व्हॉल्व्हलाही बसतो. चाकात काटा नव्हता, हवाच हळूहळू उतरली होती. आमच्या पंपाने दहा मिनिटांत काम झाले. गवळ्याने किटलीच्या झाकणात दूध काढून पुढे केले. नको म्हणणे बरे दिसले नसते. चौघांनी घोट घोट घेतले. आता तो दर रविवारी लांबूनच ओरडतो, “सर, हवा आहे ना?”

श्रावणात हा रस्ता पूर्ण बदलतो. खुलताबादला भद्रा मारुतीचे मंदिर आहे. श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसे रात्रभर पायी चालत तिथे जातात. शाळेला सुटी होती अशा एका शनिवारी आम्ही निघालो, तर परतणाऱ्यांची रांग संपेना. अनवाणी बायका, खांद्यावर झोपलेली मुले, लंगडत चालणारे तरुण. आम्ही स्वार, ते पायी. आम्ही थोडे, ते जास्त. सुरुवात कोणी करायची ते दोन्ही हिशोबांनी ठरलेलेच होते. राम राम म्हणत म्हणत आमचे घसे कोरडे पडले आणि वेग पायी चालणाऱ्यांइतकाच उरला. एका आजींनी मॅडमची सायकल थांबवून त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारले, “किती लांबून आलीस गं?”

कागजीपुरा आला की खुलताबाद जवळ आले समजावे. हाताने कागद बनवणाऱ्यांचे हे गाव, नावातच धंदा आहे. सकाळी दारात बसलेली मंडळी दिसतात. इथे मात्र आम्हाला पुढाकार क्वचितच मिळतो, कारण आम्ही तोंड उघडण्याआधी ओट्यावरून सलाम आलेला असतो. एका बुजुर्गांना आम्ही म्हटले की आधी सलाम करण्याचा हक्क आमचा होता. ते म्हणाले, “मग उद्यापासून लवकर येत जा.”

खुलताबादला जुने लोक अजून रौजा म्हणतात. हजरत मुंतजबुद्दीन जर जरी जर बक्ष, हजरत बुरहानुद्दीन गरीब अशा कितीतरी बुजुर्गांच्या कबरी इथे आहेत. दर्ग्यांच्या बाहेर, भिंतींच्या आडोशाला, टेकडीच्या उतारावर बिननावाच्या कबरी तर मोजता येणार नाहीत. कब्रस्तानाजवळून जाताना तिथल्यांना सलाम म्हणावा, ही दुआ बहुतेक घरांत मुलांना शिकवतात. त्यामुळे या गावात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ओठ हलतेच राहतात. आमचे गणिताचे सर सायकलवरून उतरून चालू लागतात. ते म्हणतात, इथे पायीच बरे.

त्यानंतर वेरूळपर्यंत बराचसा उतारच आहे. हात ब्रेकवर, नजर वळणावर, आणि समोरून कोणी चढत येत असेल तर फक्त एकदा घंटी.