पेटीचा घुमारा

भजनी मंडळाच्या दोन सागवानी पेट्या पोरं सरपणात घालायला निघाली होती. आतल्या स्पीकरचा कागदी कोन उंदरांनी कुरतडलेला, कडेचा फोम हात लावला की भुगा. पण लाकडाला कीड नाही, की सांधा हललेला नाही. म्हटलं, बैल थकला म्हणून गोठा मोडायचा का?

तालुक्याच्या दुकानदारानं सगळ्यात जास्त वॅटचा स्पीकर पुढं केला. वॅट म्हणजे तो किती वीज सोसतो एवढंच. गोड वाजेल की नाही, ते त्यावर ठरत नाही. आम्ही जुन्याइतकाच १२ इंची, ८ ओहमचा धरला. ओहम कमी झाला तर ॲम्प्लिफायर तापतो.

खरी मेख पेटीतल्या हवेत. कोन मागं येतो तेव्हा बंद पेटीतली हवा त्याला स्प्रिंगसारखी रेटते. पेटी लहान पडली तर पखवाजाची थाप नुसती फुगते, खालचा सूर उतरतच नाही. म्हणून पेटी आतून मोजली: ४० बाय ६० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ७२ लिटर. तेवढ्या हवेत नीट वाजेल असाच स्पीकर मागितला. सांध्यांत सरस भरला, कडेला रबरी पट्टी लावली, आत कापूस घातला.

डीजेच्या भिंतीपुढं छाती हादरते, पण अभंगाचा शब्द चेंगरतो. आमच्या पेट्यांतून शब्द सुटा येतो. देवळापर्यंत चालवत नाही अशी माझी आई आता ओसरीवर बसूनच हरिपाठाला टाळी धरते.